जेवायची शेड

सोमवारी सकाळी संघमित्रा डिलाईल रोडच्या चाळीतून कामावर निघाली होती, तेवढ्यात खाणीवरून बाबांचा फोन आला.

"बाय, आमची जेवायची शेड तेवढी पलीकडे घ्यायला सांग ना तुझ्या साहेबांना. खाण वाढवल्यापासून मातीचा ढीग पार डोक्यावर आलाय."

"बाबा, नकाशा सरकारनं मंजूर केलाय. आपल्या घरातला पलंग आहे का तो, सरकवायला?"

"मग एसीत बसून करता काय गं तुम्ही?" बाबा हसले.

खाणवाढीसाठी नकाशे काढून सरकारी परवानगी मिळवून द्यायचं काम तिच्याच परळच्या ऑफिसाकडे होतं. तिनं अजित सरांकडे विषय काढला. कोणासाठी, ते मात्र सांगितलं नाही. घरचं माणूस खाणीवर आहे हे कळलं, तर काम हातचं जायचं.

"शेड हलवायची म्हणजे नकाशात बदल. पुन्हा परवानगी, वर्षभर हेलपाटे," सर म्हणाले. "राहू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ढीग शेडवर घसरला.

वडील गेले, एवढंच तिनं ऑफिसात कळवलं. पुण्यानुमोदन आटोपून ती कामावर परतली, तेव्हा सरांनी तोच नकाशा तिच्यापुढे पसरला.

"नवी शेड रस्त्यापलीकडे दाखव. किरकोळ बदल आहे, वेगळी परवानगी लागत नाही. संध्याकाळपर्यंत पाठवून टाक."

तिनं पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली.



"सर, जुन्या शेडमध्ये माझे बाबा डबा खात होते."