मौनी जोगीण

काजळराजा मोठा की मौनी जोगीण? अंध शाळेतल्या पोरांचं भांडण स्टुडिओच्या जिन्यातच जुंपलं होतं, ते माइकसमोर आल्यावरही मिटेना. बोलक्या पुस्तकात या दोन्ही जादूगारांना जिनं आवाज दिला, ती ताई कौतुकानं ऐकत बसली होती. आज शेवटचं प्रकरण वाचायचं होतं, तेच ऐकायला पोरं आली होती. सोमवारी तिच्या गळ्यातली गाठ काढायची होती. आवाज राहील की जाईल, याबद्दल डॉक्टरांनी काहीच शब्द दिला नव्हता. पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

काजळराजाच्या बाजूचा पोरगा हट्टाला पेटला. राजानं उचललेले डोंगर झाले, गिळलेली सैन्यं झाली, आणि शेवटी त्यानं हुकमाचं पान टाकलं. राजा नुसती फुंकर मारून सूर्य विझवतो. ताईला वाटलं, संपलं, आता जोगिणीचं काही खरं नाही.

"विझवू दे की," दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. "आपलं काय अडलंय?"

पोरं पोट धरधरून हसली. ताईलाही हसू आवरेना. मुलगी मात्र हसली नाही.

"जोगीण आवाज काढून घेते. पाखरांचा, पावलांचा, आईचासुद्धा. मग कोण कुठं आहे, ते कळणार कसं?"

हसणं थांबलं. हट्टी पोरानं शेजारच्याचा हात चाचपून घट्ट धरला. ताईच्या अंगावर सरसरून काटा आला. पाचशे पानं ती जोगिणीच्या तोंडचं बोलत आली होती, पण जोगीण केवढी आहे ते तिला आज कळलं.

वाचन सुरू करण्याआधी त्या मुलीनं हळूच विचारलं, बोलताना तुमच्या गळ्याला हात लावू का? ताई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. रोज ब्रेलच्या ठिपक्यांवरून फिरणारी ती बोटं नेमकी गाठीवरच येऊन टेकली. ताई आधी राजा होऊन गरजली, मग जोगीण होऊन कुजबुजली.

मुलीचं तोंड उघडंच राहिलं.

"दोघंही एवढ्याशा जागेत राहतात?"

मुलीनं बोटं उचलली नाहीत.

"परत बोला ना ताई. बोटांना पाठ होऊ दे."