बॅटऱ्यांची जोडी

रेमेडिओसने पिशवी काउंटरवर उपडी केली. फाटलेली पितळी नळी आणि काळ्या पडलेल्या दोन बॅटऱ्या बाहेर पडल्या.

"ओळखतोस ना? तुझ्याच दुकानातलं आहे. माझ्या जोव्हितोच्या तोंडाशी फुटलं."

बोयेट उभा राहिला. मारिकिना शहरातल्या त्या गल्लीत वेप, म्हणजे बॅटरीवरच्या सिगारेटी, विकणारं दुकान त्याचं एकच होतं.

"मावशी, आधी बसा."

"बसायला नाही आले मी."

तिचा मुलगा जोव्हितो सव्वीस वर्षांचा. कॉल सेंटरमध्ये बोलण्यावरच त्याचं पोट होतं. आता अर्धा जबडा गेला होता, जीभ वळत नव्हती. नळीने पेज प्यायची आणि चिठ्ठ्या लिहून बोलायचं. आज सकाळी आईच्या हातात ती पिशवी दिसताच तो दारात आडवा आला होता. 'जाऊ नकोस. चूक माझीच आहे,' त्याने लिहिलं. गेला महिनाभर तो हेच लिहीत होता.

"तुझं मन मोठं असेल, माझं नाही," असं म्हणून ती भाड्याच्या जीपनीत चढली होती.

बोयेटने बॅटऱ्या उचलल्या.

"नळीत एकीवर एक अशा दोन घालायच्या असल्या की त्या एकत्र घ्यायच्या, एकत्र चार्ज करायच्या आणि एकत्रच टाकायच्या. एक दमलेली निघाली तर दुसरी तिला फरफटत नेते. मग ती तापते आणि फुटते."

"म्हणजे बुटांसारखंच." आयुष्यभर बूट शिवलेल्या रेमेडिओसला राहवलं नाही. "एक नवा, एक झिजलेला, असं चालत नाही."

"हो. पण बूट नुसता चावतो."

"मग हे त्याला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तो ऐकणाऱ्यातला होता, मावशी." त्याने बॅटऱ्या उलट्या केल्या. "जोडीच्या बुडाला मी खिळ्याने एकच आकडा कोरतो. हिच्यावर एकेचाळीस आहे. हिच्यावर काहीच नाही. ही माझी नव्हे."

"खोटारड्या! वादळात आठ दिवस वीज नव्हती, तेव्हा विजेरीच्या उजेडात बूट शिवून घर चालवलं मी. वीज आली आणि चौथ्या दिवशी तुझ्या या मालाने माझं पोर मुकं केलं! उद्या वस्तीच्या बारांगाय कचेरीत तक्रार करते. दुकानाला टाळं लागलं की कळेल तुला."

बोयेटने बॅटऱ्या पुन्हा पिशवीत घातल्या.

"लागू दे टाळं," तो म्हणाला. "पण तुम्ही घरी जा."

"काय लपवतोयस?"

"गेल्या महिन्यात जोव्हितो आला होता. हीच पिशवी घेऊन. त्यालाही मी हेच दाखवलं."

"मग काय म्हणाला?"

"मी शब्द दिलाय त्याला."

"मी आई आहे त्याची!" ती काउंटरला धरून उभी होती. "तीन महिने त्याच्या चिठ्ठ्या वाचतेय. ही एक तेवढी का नको?"

बोयेटने तिच्याकडे न बघता खण उघडला आणि एक घडी घातलेला कागद पुढे सरकवला. अक्षर जोव्हितोचंच होतं, तिरकं.

'आकडा नसलेली ही आईच्या विजेरीतली आहे. वीज गेली तेव्हा आईने चार्जरवरची माझी एक काढून विजेरीत घातली आणि वीज आल्यावर चुकून चार्जरवर विजेरीची जुनी ठेवली. दोन्ही दिसायला सारख्याच. तिला कधीच कळू देऊ नका.'