एक बोल्ट कमी

नरखेडच्या दौलतरावांनी बगिच्यातली संत्री वाहायची फोर बाय फोर पिकअप नागपूरच्या गॅरेजात आणली, तेव्हाच मेकॅनिकवर नजर ठेवायचं ठरवलं होतं. चांगला माल काढून जुना बसवतात, असं त्यांच्या कानावर होतं. लीलाधर गिअरबॉक्स उतरवून हात धुवायला गेला, तशी त्यांनी ट्रेमधला एक बोल्ट हळूच खिशात टाकला. बघू, याच्या लक्षात तरी येतं का.

दुपारी क्लचप्लेट बदलून गिअरबॉक्स परत चढला. शेवटच्या बोल्टापाशी लीलाधर थांबला. ट्रे, फरशी, गाडीखाली, त्यानं सगळीकडे शोधलं.

"काकाजी, एक बोल्ट भेटून नाही राहिला. अंदर पडला असन तं सारं फुटन. पुन्हा उतरवा लागते."

"राहू दे ना गा. एका बोल्टानं काय होते?"

"गाडीत तुम्हीच बसान ना."

तासाभरानं गिअरबॉक्स पुन्हा खाली आला. लीलाधर आडवा पडून बॅटरीच्या उजेडात आतला कोपरा न् कोपरा चाचपू लागला. शेजारी स्टुलावर बसलेल्या दौलतरावांना ते बघवेना.

"हा घे बोल्ट, स्टुलाखाली होता," ते म्हणाले.

लीलाधरनं बोल्ट हातात घेतला. थंडीचे दिवस, फरशी गारठलेली, आणि बोल्ट मात्र कोमट. सगळ्या बोल्टांचा ट्रे उचलून त्यानं दौलतरावांच्या मांडीवर ठेवला.

"आता एकेक तुम्हीच द्या माह्या हातात. म्हणजे मले भरोसा राहीन."