अकोला, कळवा

आमच्या वादळवाल्या ग्रुपवर नियम एकच: आधी गावाचं नाव लिहायचं आणि बोलायचं ते फक्त आभाळाचं. उन्हाळी ढग बहुतेक पश्चिमेकडून येतात, म्हणून अकोल्याची आकांक्षा पहिल्यांदा कळवते, मग अमरावतीच्या राजापेठेतून मी आणि शेवटी तिवशाचे चंद्रभानकाका.

आज दुपारी आकांक्षानं लिहिलं, "अकोला: वीज अगदी जवळ पडली." त्यानंतर ती गप्प.

"अकोला, कळवा," काकांनी लिहिलं. थोड्या वेळानं पुन्हा लिहिलं. ढग बडनेऱ्यावर आले, माझ्या गच्चीवरचे पत्रे वाजायला लागले, तरी काकांचं तेच.

मी वैतागले. "काका, अकोल्यात आता ऊन पडलं असंल. ढग तुमच्यावर येऊन राहिले. तिवशाचं सांगा!"

"मी अकोल्याचं विचारून राहिलो."

"मंग तिले फोन लावा ना!"

काकांच्या नावाखाली बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग एवढंच आलं, "फोनवर नाई बोलत आमी, उज्मा बेटी."

मला काही कळेना. हवामानाच्या रडार-नकाशावर तिवसा लालभडक झालं होतं आणि काका तिथलं एक अक्षर लिहायला तयार नव्हते.

तेवढ्यात मोबाईल वाजला.

"अकोला: टावर बंद पडला होता. मी बरी हाये, बाबा. तुमी निंबाखाली उभे नका राहू, घरात जा."

लगेच खाली उत्तर आलं.

"तिवसा: आलो घरात."