एका मताने

“आपल्याला आत जाता येणार नाही, माय लॉर्ड.”

लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्सच्या दारात म्हाताऱ्या प्रिचर्डने हात आडवा धरला. तो खासदार झाल्यापासून बावीस वर्षं याच दरवानाने त्याला ‘या साहेब’ म्हणत आत सोडलं होतं. खाणीत मेलेल्या मजुरांच्या विधवांना पेन्शन देणारं त्याचं विधेयक आज अवघ्या एका मताने मंजूर झालं होतं, आणि तो चहा घेऊन परत येत होता.

“चेष्टा पुरे, प्रिचर्ड,” तो हसला. “लॉर्ड माझे वडील आहेत.”

प्रिचर्डने मान खाली घातली.

त्याला अर्थ उमगला. त्या काळच्या कायद्याने लॉर्ड वारला की त्याच क्षणी थोरला मुलगा लॉर्ड होई, आणि लॉर्डला कॉमन्समध्ये बसता येत नसे की मत देता येत नसे. सकाळीच खाणमालक वडिलांनी अंथरुणातून फोनवर ठणकावलं होतं, “तुझं विधेयक पाडल्याशिवाय मी मरत नाही!”

“घरून निरोप आलाय,” प्रिचर्ड हळूच म्हणाला आणि आडवा हात उचलून त्याच्या खांद्याकडे नेऊ लागला. “फार त्रास झाला नाही म्हणे त्यांना.”

“किती वाजता?”

“सव्वाचारला.”

“मतदान चारला झालं!” तो ओरडलाच. “म्हणजे माझं मत धरतील!”

स्वतःचाच आवाज ऐकून तो जागच्या जागी थिजला. तरी चेहऱ्यावरचं हसू त्याला आवरेना.

प्रिचर्डचा हात खांद्यापर्यंत पोचलाच नाही. तो सावकाश पुन्हा दारात आडवा झाला.