ब्रेकचं काम

"ब्रेक तूच दुरुस्त केलता ना, शालिक?"

पुसदच्या घाटात जीप उलटून कापूस वेचणाऱ्या दोन बाया गेल्या, त्या सांजेला कोणीतरी विचारलं होतं. नंतर नऊ वेळा कापूस फुटला; शालिक मात्र फक्त पंक्चर काढत राहिला.

आज एक मास्तरीण गाडी घेऊन आली. "इंजिन बंद केलं का ब्रेक दगडावानी होते, भाऊ."

"ब्रेकचं काम सोडलं मी, बाई."

"बिघाड नाही तो," बाकड्यावरून देवराव म्हणाला. ती जीप तोच चालवत होता. "बंद गाडीत ब्रेकले इंजिनची मदत नसते. पाय दुखते, पण पेडल दबत नाही."

मास्तरीण गेली. देवराव बाकड्यावरून उठून शालिकजवळ आला.

"शालिक, त्या दिवशी डिझेल वाचवाले उतारावर मी इंजिन बंद केलतं."