पन्हळीला किनार

शिंपीकाका शिडीच्या वरच्या पायरीवर उभे राहून घराच्या पन्हळीला दिव्यांची माळ बांधत होते. एकेक दिवा बोटाच्या पेराएवढा. तो पन्हळीच्या आकड्याला दोऱ्याने बांधायचा, ओढून बघायचा, की पुढचा. दोरा कोटाची बटणं लावायचा. त्यातून निसटायची दिव्याची काय बिशाद!

खाली काकूंनी शिडी धरली होती. सकाळपासून त्या नवऱ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. काका खोकं घेऊन शिडी चढायला लागले तेव्हा मात्र "सांभाळून" एवढं म्हणाल्या.

त्याचं असं झालं, की सकाळी कंपनीचा माणूस आला. रांगेतली बाकीची सगळी घरं कंपनीने घेतली होती, हे एकच राहिलं होतं.

"काका, आज संध्याकाळी मोठी पार्टी येतेय रांग बघायला. सगळी घरं रिकामी आहेत असं सांगितलंय त्यांना. तेवढा आजचा दिवस दिवा लावू नका. मागच्या खोलीत गप्प बसून राहा."

सौदा एकदा झाला की मधल्या एका घराला कोण विचारतो, हे तो बोलला नाही. ते न बोलता कळण्यासारखं होतं. तरी काका म्हणाले, "बरं." समोरच्या माणसाला आयुष्यात त्यांनी दुसरं काही म्हटलंच नव्हतं.

तो गेल्यावर काकूंनी घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली. भांड्यांचा आवाज तासभर ऐकून काकांनी माळ्यावरून हे खोकं उतरवलं होतं. लेकीने पाठवलेलं, कधी न फोडलेलं.

उन्हं कलली तेव्हा शेवटची गाठ बसली.

"दाब बटण."

काकूंनी माळेच्या टोकाला जोडलेल्या डबीवरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. घर होतं तसंच.

"काका, हे काय चाललंय?" कंपनीचा माणूस पार्टीच्या आधी पाहणी करायला येऊन ठेपला होता. "सकाळी तुम्ही 'बरं' म्हणालात ना?"

"शिंप्याच्या 'बरं'वर विसंबून आजवर कोणी लग्नाला निघालंय का?" काकू म्हणाल्या.

पण माळ पेटत नाही हे बघून तोही निवांत झाला. कठड्याला टेकून गंमत बघू लागला.

काकांनी एक दिवा नाकाशी धरला. दिव्यावर नखाएवढा बाण होता. पुढच्यावरही होता. सगळे बाण बटणांच्या डबीकडे रोखलेले. कुठला दिवा कधी, कुठल्या रंगात लागायचा हा डबीचा हुकूम बाणाच्या दिशेनेच पुढे जायचा. म्हणजे सबंध माळ उलटी लागली होती. कापडाची उलटी बाजू अंधारात चाचपून सांगणाऱ्या माणसाने!

"उसवा मग," काकू म्हणाल्या.

"उसवणार नाही. वीज कुठूनही जाते. हुकूम तेवढा एकाच बाजूने चालतो. शिडी उचल, डबी त्या टोकाला नेऊ."

नेली. बटण दाबलं आणि माळ पेटली. पण दाराशी पांढरीशुभ्र आणि कोपऱ्याकडे जाता जाता तांबूस, मरगळलेली.

"अर्धं घर आत्ताच थकलं की, काका," कंपनीचा माणूस म्हणाला.

"एवढ्या लांब पळून वीज दमली," काका म्हणाले आणि एकदम थबकले. "अगं, खोक्यात दुसरा अडॅप्टर होता ना?"

"तुम्हीच मघाशी खोकं फोडल्यावर कपाटात ठेवलात. जपून."

शर्टाच्या आत एक जास्तीचं बटण शिवून देतात, तसं काहीतरी असेल, असं काकांना वाटलं होतं.

काकांनी माळ बंद केली आणि खिशातली कातर काढली. कातर बघून कंपनीच्या माणसाला बरं वाटलं. त्यांनी माळेच्या मध्यावर फक्त वीज नेणारी लाल तार तोडली, हुकुमाची तशीच ठेवली, टोकांना चिकटपट्टी गुंडाळली आणि दुसरा अडॅप्टर स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोपऱ्याच्या टोकाला जोडला. आता प्रत्येक अडॅप्टरने आपापली अर्धी माळ ओढायची.

या खेपेला घर या टोकापासून त्या टोकापर्यंत लखलखलं. लाल पळाला, त्याच्यामागे हिरवा, हिरव्यामागे जांभळा. समोरच्या काळोख्या खिडक्यांच्या काचांतसुद्धा ते रंग पळू लागले.

"काढा ते," कंपनीचा माणूस कठड्यापासून सरळ झाला. "गाडी वळलीसुद्धा कोपऱ्यावर. आत्ताच्या आत्ता काढा, काका!"

सवयीने काकांचे ओठ 'ब'साठी मिटले. शिडीचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला. खाली काकू वर बघत होत्या.

"उसवायला वेळ लागतो," काका म्हणाले. "मंगळवारी या."

काकू इतक्या जोरात हसल्या की शिडी हलली.

गाडी थांबली. चार माणसं उतरली आणि माना वर करून उभी राहिली. कंपनीचा माणूस पुढे झाला. त्याने हात पसरले. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग हिरवा, मग जांभळा.

"तर ही आपली रांग," तो म्हणाला. "सगळी रिकामी."

काकूंनी आतून खुर्ची ओढत आणून पायरीवर ठेवली, पदराने पुसली.

"या ना, बसा," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "आम्ही काही राहत नाही इथे."